पंचप्राण: तक्त्यातले आणि सरावातले

शंकासुर

पंचप्राणांचा तक्ता सगळ्या योगवर्गांत एकच मिळतो. हृदयात प्राण, गुदस्थानी अपान, नाभीशी समान, कंठात उदान आणि सर्वांगात व्यान. पाठ करायला सोपा, परीक्षेत लिहायला त्याहून सोपा. दुसऱ्याला शिकवायला बसलं की मात्र त्याचा शेंडाबुडखा लागत नाही. जाणकारांनी पुढच्या प्रश्नांवर लिहावं ही विनंती.

१. ‘प्राण म्हणजे श्वास नव्हे’ असं सांगतात आणि लगेच श्वासाचे आकडे मोजायला लावतात. मग दोघांचं नातं काय? ‘प्राण म्हणजे ऑक्सिजन’ हे उत्तर कितपत खरं?

२. आयुर्वेदाच्या पुस्तकात प्राणाचं स्थान डोकं आणि व्यानाचं हृदय दिलेलं असतं, योगाच्या पुस्तकात भलतंच. चूक कोणाची?

३. हे पाच प्राण सरावात वेगवेगळे ओळखता येतात का? येत असतील तर काय केल्यावर?

४. भस्त्रिका (भात्यासारखा जोराचा, भराभर श्वास) किंवा जोरदार कपालभातीत हातांना मुंग्या येतात, त्याला ‘प्राण जागा झाला’ म्हणतात. ते खरं का?

५. पूरक (श्वास घेणं), कुंभक (रोखून धरणं) आणि रेचक (सोडणं) यांचं १:४:२ हे प्रमाण कधी आणि कसं गाठावं?

प्राण आहे की नाही या वादासाठी दुसरे धागे भरपूर आहेत. इथे कृपया तो नको.

---

पोथीपुराण

दुसऱ्या प्रश्नापासून सुरुवात करतो, कारण पहिल्याचं अर्धं उत्तर त्यातच आहे.

चूक कोणाचीच नाही. नावं तीच आहेत, ती ज्या कामासाठी वापरली ते काम वेगळं आहे. वाग्भटाच्या अष्टांगहृदय या आयुर्वेदग्रंथाच्या सूत्रस्थानात, १२व्या अध्यायात, ही पाच नावं वातदोषाच्या प्रकारांची आहेत. तिथे प्राण मूर्ध्याशी, म्हणजे डोक्यात, राहून छाती-कंठात फिरतो. थुंकणं, शिंकणं, ढेकर, श्वास आणि अन्न गिळणं ही त्याची कामं. उदान उरात, व्यान हृदयात, समान जठराग्नीपाशी आणि अपान श्रोणीच्या भागात. बिघाड कुठे झाला हे वैद्याला शोधायचं असतं, त्याला अशीच विभागणी उपयोगी पडते.

गोरक्षाच्या परंपरेतल्या हठग्रंथांत तुमचा तक्ता येतो आणि जोडीला पाच उपप्राण: ढेकर नागाकडे, पापण्या उघडणं कूर्माकडे, शिंक कृकलाकडे, जांभई देवदत्ताकडे. धनंजय मेल्यावरही देह सोडत नाही. म्हणजे वाग्भटाने प्राणाला दिलेली ढेकर आणि शिंक इथे दुसऱ्यांच्या खात्यात गेली. साधकाला लक्ष कुठे ठेवायचं आणि बंध (स्नायूंची आवळण) कुठे लावायचा हे सांगायला ही विभागणी बरी. दोन तक्ते एकावर एक ठेवून जुळवायला गेलं की घोटाळा होतो आणि बाजारातली निम्मी पुस्तकं नेमकं तेच करतात.

दोन्हींच्या आधीचं प्रश्नोपनिषद पाहा. तिसरा प्रश्न कौसल्य आश्वलायनाचा आहे: हा प्राण येतो कुठून, देहात राहतो कसा? पिप्पलादाचं उत्तर असं की सम्राट अधिकाऱ्यांना गावं वाटून देतो, तसा मुख्य प्राण इतर प्राणांना कामं वाटून देतो. स्वतः डोळे, कान, तोंड आणि नाक यांत राहतो, अपानाला पायू-उपस्थ (गुद आणि जननेंद्रिय) देतो, मध्ये समान, नाड्यांत व्यान आणि वर नेणारा उदान. नाड्यांचा हिशेबही तिथेच आहे. हृदयाच्या १०१, प्रत्येकीच्या १००, त्या प्रत्येकीच्या ७२,००० उपशाखा. तिन्ही पातळ्या धरून बेरीज ७२ कोटी ७२ लाख १० हजार २०१ भरते. हठग्रंथ बहुधा ७२,००० वर थांबतात आणि त्यांतल्या इडा, पिंगला, सुषुम्ना या तिघींवरच भर देतात. या संख्येत मज्जातंतू शोधत बसू नये.

आता पहिला प्रश्न. प्राण म्हणजे वारा का, यावर दर्शनंच भांडली आहेत. सांख्यकारिका २९ म्हणते की प्राणादी पाच वायू म्हणजे अंतःकरणाचा सामाईक व्यापार, वेगळा पदार्थ नव्हे. ब्रह्मसूत्र २.४.९ म्हणतं, ‘न वायुक्रिये पृथगुपदेशात्’. प्राण हा नुसता वारा नाही आणि नुसती क्रियाही नाही, कारण श्रुतीत त्याचा वेगळा उल्लेख आहे. तेव्हा शिकवताना ‘शास्त्रात प्राण म्हणजे अमुक’ असं ठोकून देऊ नका. कोणतं शास्त्र, ते आधी सांगा.

पतंजलींनी योगसूत्रांत तर फारच कमी बोलून काम भागवलंय. २.४९ मध्ये प्राणायामाची व्याख्या आहे ‘श्वासप्रश्वासयोर्गतिविच्छेदः’, म्हणजे श्वास-उच्छ्वासाच्या गतीत खंड पाडणं. शक्ती भरणं, साठवणं यातलं तिथे काही नाही. फळही मनाच्या बाजूचं दिलंय: २.५३ मध्ये धारणेसाठी मनाची पात्रता. हठप्रदीपिका २.२ हाच धागा उघड करते, ‘चले वाते चलं चित्तम्’. वारा हलला की चित्त हलतं. श्वास हे प्राणाचं हाताला लागणारं टोक आहे, म्हणून आकडे श्वासाचे.

एक खड्डा मात्र आधीच दाखवून ठेवतो. आज वर्गात ‘श्वास आत तो प्राण, बाहेर तो अपान’ शिकवतात. छांदोग्य १.३.३ वरच्या शांकरभाष्यात नेमकं उलट आहे: बाहेर टाकला जातो तो प्राण, आत ओढला जातो तो अपान. त्यामुळे गीतेतलं ‘अपाने जुह्वति प्राणम्’ (४.२९) आचार्य पूरकाला लावतात. हा फरक ठाऊक नसेल तर भाष्य वाचताना पूरक-रेचक उलटेसुलटे होतात.

---

फुप्फुसमित्र

ऑक्सिजनचा हिशेब मी मांडतो.

शांत बसलेला निरोगी माणूस एका श्वासात अंदाजे ५०० मिली हवा घेतो. त्यातली सुमारे १५० मिली नाक, घसा आणि श्वासनलिकांतच राहते, वायुकोशांपर्यंत पोचत नाही. मिनिटाला १५ श्वास धरले तर उपयोगी पडलेली हवा १५ × ३५० = ५,२५० मिली. आता श्वास संथ करून मिनिटाला ६ वर आणा, प्रत्येक १,००० मिलीचा. ६ × ८५० = ५,१०० मिली. जवळजवळ तेवढीच! शिवाय निरोगी माणसाच्या रक्तातलं हिमोग्लोबिन स्वस्थ बसलेलं असतानाच ९५ टक्क्यांच्या वर ऑक्सिजनने भरलेलं असतं. आणखी भरायला जागाच फारशी नसते. तेव्हा ‘दीर्घ श्वसनाने जास्त प्राणवायू मिळतो’ हे वाक्य वर्गातून काढून टाकलेलं बरं. मराठीत ऑक्सिजनलाही प्राणवायू म्हणतात, त्यामुळे ते खरं वाटतं, एवढंच.

संथ श्वासाने बदलतं ते दुसरंच. श्वास घेताना हृदयाचे ठोके किंचित वाढतात, सोडताना कमी होतात. मिनिटाला ६ श्वासांच्या आसपास हे चढउतार सर्वांत मोठे होतात आणि रक्तदाब सांभाळणाऱ्या प्रतिक्षिप्त क्रियेशी त्यांची लय जुळते. रेचक लांबवला की वेगस मज्जातंतूचा शांतवणारा प्रभाव जास्त वेळ टिकतो. ‘वारा स्थिर, चित्त स्थिर’ याची शरीराच्या बाजूने दिसणारी खूण हवी असेल तर ती ही. प्राण म्हणजे हेच, असा माझा दावा नाही.

मुंग्यांचं उत्तर सोपं आहे. जोरात आणि भराभर श्वास घेतला की शरीरात कार्बन डायऑक्साइड तयार होतो त्यापेक्षा वेगाने बाहेर जातो. रक्त अल्कधर्मी होतं, त्यातलं मुक्त कॅल्शियम घटतं आणि चेतातंतू उगाच संदेश सोडू लागतात. ओठांभोवती आणि बोटांच्या टोकांना मुंग्या, पुढे बोटं आखडणं. मेंदूच्या रक्तवाहिन्याही आकसतात, म्हणून हलकं, तरंगल्यासारखं वाटतं किंवा चक्कर येते. ही अतिश्वसनाची लक्षणं आहेत. त्यांना जागृती म्हणून वाढवत नेलं तर माणूस बेशुद्ध पडू शकतो. मुंग्या आल्या की थांबायचं आणि नाकाने हळू, साधा श्वास चालू द्यायचा. दोन-तीन मिनिटांत उतरतं.

मात्र सगळ्या संवेदना एकाच पोत्यात भरू नका. पाय बधिर झाले तर ती बैठकीत चेतातंतूवर दाब आल्याची खूण. संथ श्वासात तळहात उबदार आणि जड होणं हे वेगळं. ताण उतरल्यावर त्वचेतल्या रक्तवाहिन्या सैलावतात आणि त्यात अपाय काही नाही.

---

चौकस

छान चाललंय. दोन उपप्रश्न. प्राणशक्तीचे फोटो काढतात, बोटांभोवती निळसर वलय दिसतं, त्याचं काय? आणि माणसाला श्वास मोजून मिळालेले असतात, हळू घेतले तर आयुष्य वाढतं, हे कुठून आलं?

---

फुप्फुसमित्र

फोटोचं तंत्र सेम्यॉन किर्लियन यांच्या नावाने ओळखलं जातं, १९३९ पासूनचं. जास्त दाबाची वीज सोडली की वस्तूच्या कडेची हवा विद्युतभारित होऊन चमकते. बोटाचा घाम, दाब आणि हवेतली आर्द्रता बदलली की वलय बदलतं. नाण्याभोवतीही ते येतं.

---

पोथीपुराण

श्वास मोजून मिळतात ही लोकसमजूत आहे. घेरंडसंहिता या हठग्रंथात याच्या जवळपासचं दोन ठिकाणी आहे. एक, जीव दिवसरात्रीत २१,६०० वेळा ‘हंस’ जपतो. २४ तासांची १,४४० मिनिटं, म्हणजे मिनिटाला १५ श्वास. दुसरं जास्त कामाचं. तिथे श्वासांची संख्या नाही, बाहेर पडणाऱ्या वायूची लांबी मोजली आहे: सहज स्थितीत १२ अंगुळं, गाताना १६, जेवताना २०, चालताना २४, झोपेत ३०, मैथुनात ३६, व्यायामात त्याहूनही जास्त. ही लांबी घटली तर आयुष्य वाढतं, वाढली तर घटतं, असा ग्रंथाचा दावा.

दावा बाजूला ठेवा, मोजपट्टी वापरा. १२ अंगुळं म्हणजे साधारण एक वीत. कापसाचा पिंजलेला बारीक धागा नाकपुडीसमोर एक वीत अंतरावर धरून रेचक करायचा. धागा उडाला तर रेचक अजून जाडाभरडा आहे. २.५० मध्ये पतंजली ‘दीर्घसूक्ष्मः’ म्हणतात. नुसता दीर्घ त्यांना पुरत नाही. सूक्ष्म झाला का, हे या धाग्यावर कळतं.

---

समरेचक

तिसऱ्या प्रश्नावर सविस्तर लिहितो. वरच्यांनी पाया घातलाच आहे.

सरावात पाच प्राण हे पाच दिशांचे ओढ समजा: आत घेणारा, खाली सोडणारा, मध्ये आणून पचवणारा, वर उचलणारा आणि सगळीकडे पसरणारा. स्थान पाठ करण्यापेक्षा दिशा ओळखणं महत्त्वाचं. बाकी तयारी नेहमीची: जेवणानंतर ३-४ तास गेलेले, पोट साफ. बैठकीखाली घडी घातलेलं कांबळं, २-३ इंच उंचीचं, म्हणजे गुडघे कंबरेपेक्षा खाली राहतात आणि पाठ आपोआप उभी राहते. गुडघे टेकत नसतील तर खुर्ची चालते, पण पाठ टेकवायची नाही. पाच मिनिटं काही न करता बसून एका मिनिटाचे श्वास मोजा. १८ च्या वर असतील तर त्या दिवशी आकड्यांच्या नादी लागू नका. उताणं पडून पोटावर हात ठेवा आणि श्वास जसा आहे तसा पाहा.

सुरुवात अपानापासून करा. तक्त्यात प्राण पहिला असला तरी सरावात तो दुसरा. बहुतेक नवशिक्यांचा श्वास आधीच छातीच्या वरच्या भागात अडकलेला असतो. त्यावर आणखी पूरक लादला की खांदे चढतात. म्हणून ४ सेकंद पूरक, ६ सेकंद रेचक, काही दिवसांनी ४ आणि ८. रेचकाच्या शेवटच्या तिसऱ्या हिश्श्यात ओटीपोट अलगद आत जातं आणि बैठकीची दोन हाडं जमिनीत रुतल्यासारखी जाणवतात. हा अपान. तो सुटायला लागला की रेचकाच्या शेवटी मूलबंधाची ओळख करून घ्या: गुदद्वार आणि जननेंद्रिय यांच्यामधला भाग आत आणि वर ओढायचा, ताकद दहात दोन. इथे दोन चुका हमखास होतात. एक म्हणजे नितंब आणि मांड्या आवळणं. हात लावून पाहा, त्या मऊच राहिल्या पाहिजेत. दुसरी जास्त वाईट: कुंथल्यासारखा खाली जोर देणं. मूळव्याध किंवा हर्निया असलेल्याला त्याने थेट अपाय होतो.

प्राण: दोन्ही तळहात खालच्या बरगड्यांच्या बाजूंना ठेवा. पूरकात बरगड्या आधी बाजूंना पसरायला हव्यात, छातीचं हाड मग वर यायला हवं, खांदे जागेवर. क्षमतेच्या ऐंशी टक्क्यांना थांबा. शेवटचे वीस टक्के मानेच्या स्नायूंनी ओढले जातात आणि तिथूनच डोकं जड व्हायला सुरुवात होते.

समान अग्निसाराने लवकर कळतो. पाय फाकवून उभं राहायचं, गुडघे थोडे वाकवून तळवे मांड्यांवर. पूर्ण रेचक करून श्वास बाहेरच ठेवायचा आणि पोट आत-बाहेर करायचं, सुरुवातीला १० वेळा. मग श्वास घेऊन ३-४ साधे श्वास आणि पुढचं आवर्तन. तीन आवर्तनं पुरेत. घेरंडसंहिता नाभी पाठीच्या कण्याकडे शंभर वेळा न्यायला सांगते, पण तो आकडा एका दमाचा धरून सुरुवात करू नये. शेवटच्या हलवण्यांना नकळत थोडी हवा आत शिरते, तिथे दम संपला असं समजा. श्वास धापेसारखा आत आला तर एक आवर्तन जास्त झालं. नंतर बसून लक्ष नाभीपाशी ठेवा, ऊब जाणवते.

उड्डियान याच्या पुढचं. रेचक करून कंठ बंद ठेवायचा आणि श्वास घेतल्याचा नुसता अभिनय करत बरगड्या पसरायच्या. पोट आपोआप आत-वर ओढलं जातं. पोटाचे स्नायू आवळून ते आत ढकललं तर खळगा पडतच नाही. हा ओढ खरोखर हवेच्या दाबाचा आहे. लोणावळ्याच्या कैवल्यधामात स्वामी कुवलयानंदांनी १९२४ पासून केलेल्या प्रयोगांत उड्डियान आणि नौली (पोटाचे स्नायू घुसळण्याची क्रिया) यांच्या वेळी आतला दाब बाहेरच्या हवेपेक्षा खाली जातो हे मोजून दाखवलं. प्राणाच्या भाषेतली एखादी गोष्ट यंत्रावर दिसते ती अशी, आडबाजूने.

उदानासाठी भ्रामरी. ओठ मिटलेले, आत दात सुटे, जीभ सैल. रेचकात मध्यम-खालच्या पट्टीत गुंजारव, ६ ते १० वेळा. कंप कंठातून टाळूकडे, मग कवटीत चढतो, त्याची चढण पाहायची. मोठा आवाज काढला की घसा खवखवतो आणि काही कळत नाही. कान बंद करायचे तर कानापुढची लहान पाळी आत दाबा, बोट कानात खुपसू नका.

व्यान शेवटी, शवासनात, किमान १० मिनिटं. छांदोग्य १.३.३ मध्ये व्यान हा प्राण-अपानांचा सांधा म्हटला आहे आणि १.३.५ मध्ये उदाहरणं आहेत अरणी घासून अग्नी काढणं, शर्यतीत धावणं, कडक धनुष्य वाकवणं. अशा कामात माणूस ना आत घेतो ना बाहेर सोडतो. जोर सर्वांगात पसरतो तो त्या क्षणी. म्हणून रेचकानंतर श्वास आपोआप थांबतो त्या छोट्या जागेत लक्ष ठेवा. ती जागा ताणून मोठी करू नका.

एका बैठकीत पाचही उरकू नयेत. एकेका प्राणाला आठवडाभर द्या. समानाला दोन लागतात.

आता १:४:२. ते नाडीशोधनात, म्हणजे आळीपाळीने एकेका नाकपुडीने केलेल्या श्वसनात, गाठायचं. त्याचा क्रम डावीने पूरक, उजवीने रेचक, उजवीने पूरक, डावीने रेचक, हे एक आवर्तन. तर्जनी-मधली दुमडलेली, अंगठा उजव्या नाकपुडीला, अनामिका-करंगळी डावीला. नाकाचं हाड संपतं त्याच्या लगेच खाली दाबायचं, नाक वाकडं न करता. आधी कुंभकाशिवाय ४:८, ९ ते १२ आवर्तनं, मग ५:१०, ६:१२. त्यानंतर कुंभक: ४:४:८, पुढे ४:८:८ आणि मग ४:१६:८. घेरंडसंहितेतलं १६:६४:३२ म्हणजे १६ चं एकक, एक श्वास ११२ मात्रांचा (मात्रा म्हणजे मोजणीचा एक ठोका). प्रमाण तेच, आवाका ४:१६:८ च्या चौपट. हा आकडा वाचून घरी करून पाहणारे लोक असतात, म्हणून मुद्दाम लिहिलं.

पुढच्या पायरीवर कधी जायचं? दिवस मोजू नका, हठप्रदीपिकेलाही नुसत्या नाडीशुद्धीलाच तीन महिने लागतात. कसोटी रेचकाची. कुंभकानंतरचा रेचक कुंभकाशिवायच्या रेचकाइतकाच लांब, शांत आणि सुरुवातीपासून शेवटपर्यंत एकाच धारेचा आला पाहिजे. सुरुवातीला भस्सकन सुटला तर कुंभक जास्त झाला. शेवटी अडखळला तरी जास्त झाला. पुढचा पूरक घाईने ओढला गेला तर दोन पायऱ्या खाली या. ही कसोटी बाराव्या आवर्तनाला लावायची, पहिल्याला नाही.

---

शंकासुर

मनःपूर्वक आभार. मात्रा मोजायची कशाने? हाताच्या नाडीवर मोजा असंही ऐकलंय. आणि कुंभकानंतर डोकं जड, कानात दडे, रात्री झोप उडणं याला ‘प्राण वर चढला’ म्हणतात, त्यावर उतारा काय?

---

समरेचक

नाडीवर मोजू नका. वर लिहिलंय तसे ठोके पूरकात वाढतात, रेचकात कमी होतात. म्हणजे तुमची मोजपट्टीच श्वासाबरोबर ताणली जाते आणि ४:८ हे प्रमाण प्रत्यक्षात ४:८ राहत नाही. जुनी मात्रा म्हणजे गुडघ्याभोवती हात फिरवून एक चुटकी, ना भरभर ना सावकाश. आज सेकंदाचा टिकटिक आवाज पुरतो. पुढे मनातल्या मनात एखादं अक्षर. बोटांची पेरं आवर्तनं मोजायला, सेकंद मोजायला नव्हे.

‘वर चढला’ याची कारणं बहुधा चारच असतात: पूरक शंभर टक्के भरला, कुंभकात कंठ आवळून ठेवला, जालंधर (हनुवटीचा बंध) न लावता कुंभक लांबवला, किंवा भस्त्रिका-सूर्यभेदन (उजव्या नाकपुडीने पूरक) संध्याकाळी उशिरा केलं. जालंधर म्हणजे हनुवटी खाली आपटणं नव्हे. आधी छाती वर, मानेची मागची बाजू लांब, मग हनुवटी खाली. हठप्रदीपिका २.४५ नुसार तो पूरकाच्या शेवटी लावायचा असतो, कुंभक अर्धा झाल्यावर आठवून नव्हे. तिथेच २.१७ मध्ये उलट परिणामांची यादी आहे: उचकी, दमा, खोकला, डोकं-कान-डोळे दुखणं. यादी जुनी असली तरी वर्गात आजही हीच दिसते.

उतारा: कुंभक पूर्ण बंद, निदान दोन आठवडे. रोज फक्त ४:८, दहा मिनिटं, आणि सहा वेळा भ्रामरी. अनवाणी चालणं, पोटभर साधं जेवण, उपवास नको. झोप जागेवर आल्यावरही परत सुरुवात ४:४:८ पासून. लक्षणं राहिलीच तर डॉक्टर, दुसरा योगशिक्षक नव्हे.

आणि हे आधी सांगायला हवं होतं असं कोणी म्हणण्याआधी: उच्च रक्तदाब, हृदयविकार, काचबिंदू, हर्निया, अपस्मार, गरोदरपण किंवा पोटाची अलीकडची शस्त्रक्रिया असेल तर कुंभक, कपालभाती, भस्त्रिका, अग्निसार, उड्डियान काहीच नको. मनोविकाराचा तीव्र झटका येऊन गेलेल्यांनीही कुंभकाच्या वाटेला जाऊ नये. कुंभकाशिवायचा लांब रेचक यांतल्या बहुतेकांना डॉक्टरांना विचारून चालतो.

---

चौकस

सर्दीने एक नाकपुडी बंद असेल तर नाडीशोधन कसं करायचं?

---

फुप्फुसमित्र

आधी सर्दी आहे की नुसता स्वर (वाहती नाकपुडी) बदललाय ते पाहा. दोन्ही नाकपुड्यांतली सूज काही तासांच्या अंतराने आळीपाळीने वाढते-घटते, त्यामुळे निरोगी नाकातही एक बाजू दुसरीपेक्षा अरुंद असतेच. बंद बाजू वर येईल असं कुशीवर ५ ते १० मिनिटं पडलं की ती मोकळी होते. डावी बंद असेल तर उजव्या कुशीवर. योगदंड (कुबडीसारखी काठी) काखेत दाबून बसतात त्यामागेही हेच आहे, त्यातही दाब मोकळ्या बाजूच्या काखेत.

---

समरेचक

एवढं करूनही नाही उघडली तर त्या दिवशी नाडीशोधन सोडा. बंद नाकपुडीतून जोराने रेचक केला की दाब कानात जातो आणि दडे बसतात. त्याऐवजी दोन्ही नाकपुड्यांनी उज्जायी (कंठ किंचित मिटून, आवाज करत श्वास), ४:८, दहा मिनिटं. कंठ इतकाच मिटायचा की आवाज स्वतःला ऐकू येईल, शेजारच्याला नाही.